रॉकवाल्यांची तीट

माझ्या पार्लरच्या दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी आहे. नवरदेव तरीही येतात. हळदीच्या आधी बहिणीला पुढे करून मागून हळूच शिरतात, 'काकू, चेहरा जरा उजळेल का?' असं विचारतात, फेशियल करून घेतात आणि तोंडाला रुमाल लावून मागच्या जिन्याने निघून जातात. असे किती नवरदेव आज अंबरनाथ पूर्वेला सुखाने संसार करताहेत ते मी सांगणार नाही. कोण आलं, काय करून गेलं, खुर्चीत बसून काय बोललं, यातलं काही पार्लरच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. पुढे या नियमाची चांगलीच परीक्षा झाली, म्हणून तो आधी सांगून ठेवते.

हा धंदा मी उल्हासनगरला शिकले, एका सिंधी बाईंच्या हाताखाली. त्यांना आम्ही सगळ्या मुली 'अदी' म्हणायचो, म्हणजे ताई. अदींचा हात मोठा. त्यांची नवरी हॉलच्या शेवटच्या रांगेतूनही दिसायची. आमच्याकडे तेव्हा पावडर आणि टिकली यापलीकडे काही केलं की आजूबाजूच्या बायका नाकं मुरडायच्या. पण अदींनी मला दोन गोष्टी शिकवल्या, त्यांच्यावर माझं घर चाललं. एक, माणूस आधी बघतो आणि मग ऐकतो. दुसरी, सगळं झाल्यावर नवरीच्या डाव्या कानाखाली काजळाची तीट लावल्याशिवाय तिला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. तीटही एका ठिपक्याची नाही, तीन बारीक ठिपक्यांची, त्रिकोणात. अदी म्हणायच्या, नवरी आपल्या हातची आहे हे आपल्याला आणि देवाला कळलं पाहिजे. कानातल्याच्या आड ती कोणाला दिसत नाही. माझ्या हातून गेलेल्या एकूण एक नवरीला ती लागली आहे, आणि आता ती लावताना मला लावतेय हेही कळत नाही. बोटच आपोआप काजळाकडे जातं.

तर एका दुपारी मी एका बाईंच्या भुवया कोरत होते. एक झाली होती, दुसरी व्हायची होती, तेवढ्यात दाराच्या काचेपाशी तीन तरुण येऊन उभे राहिले. तिघांचेही केस खांद्याच्या खाली. माझी जाऊ सुनंदा पार्लरमध्ये माझ्याबरोबर असते, ती दारात गेली आणि त्यांना पाटी दाखवली. त्यातला उंच, सावळा मुलगा म्हणाला की पाटी वाचूनच आलोय, कारण पुरुषांच्या सलूनमध्ये आमचं काम होत नाही. काय काम, असं मी आतूनच विचारलं. त्याने मोबाईल काचेला लावून एक फोटो दाखवला. चार माणसं होती. केस आभाळाला लागलेले, डोळ्यांत बोट-बोट काजळ, ओठांना लिपस्टिक आणि पायांत अशा घट्ट विजारी की बघूनच मला बसायला त्रास व्हावा. खुर्चीतल्या बाईंनी एका भुवईनिशी उठून तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, यांचा आयलायनर किती सरळ आहे."

मंगळवारी पार्लर बंद असतं. मी त्यांना मंगळवारी बोलावलं.

उंच मुलगा महेश, गाणारा. आमच्या इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका केमिकल कंपनीत पॅकिंग खात्यात कामाला. ड्रम वाजवणारा सिद्धार्थ बदलापूरचा, तो बँकेची कार्डं विकायचा. गिटारवाला जीतू उल्हासनगरचा सिंधी, त्याच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना. त्या घट्ट विजारी तिथेच शिवल्या जायच्या, आणि वडिलांना वाटायचं की पोरगं नवा माल काढतंय. बँडचं नाव 'काजळी'.

मी महेशला विचारलं, हे नक्की काय प्रकरण आहे. तो म्हणाला, याला ग्लॅम मेटल म्हणतात. चाळीसेक वर्षांपूर्वी परदेशात असे बँड निघाले. बायकांसारखे केस, रंगवलेली तोंडं, प्रचंड आवाज. लोकांना वाटतं की त्यांनी फक्त पार्ट्या आणि पोरींवर गाणी केली, पण तसं नाही. घर सोडून पळालेल्या पोरांवर, लढाईतून परत आलेल्या सैनिकांवर, गिरण्या बंद पडलेल्या गावांवर, पैसेवाल्या भोंदू बुवांवरही त्यांनी गाणी केली. कोणी ती ऐकलीच नाहीत, कारण सगळे केस बघत बसले.

"मग तुम्ही तरी केस कशाला फुगवता? साधे शर्ट घालून गा की," मी म्हटलं.

"काकू, साधा शर्ट घालून पाण्यावर, नाल्यावर गायलो तर लोक म्हणतात भाषण सुरू झालं, आणि उठून वडापाव खायला जातात. असं तोंड रंगवून उभा राहिलो की निदान जागचे हलत नाहीत."

अदी मला हेच सांगायच्या. मी त्याला खुर्चीत बसवलं.

केस उभे राहतात कसे, हे मला पुष्कळ जण विचारतात, म्हणून सांगते. एक बट घ्यायची, सरळ वर धरायची आणि कंगवा टोकाकडून मुळाकडे उलटा आणायचा. असं चारपाच वेळा केलं की मुळाशी केसांची गादी तयार होते. अशा बटा डोकंभर करायच्या, वरून स्प्रे मारायचा आणि बाहेरच्या बटेने आतली गादी झाकायची. नवरीचा अंबाडा याच गादीवर बसतो. याच्या डोक्यावर अंबाडा नाही, नुसती गादीच, एवढाच फरक. त्याच्या डोक्याला लागलेल्या स्प्रेत माझ्या दोन नवऱ्या नटल्या असत्या. सुनंदा सिद्धार्थच्या केसांना लागली होती. ती म्हणाली, कोंडा फार आहे, आधी दही लावून ये.

मी प्रत्येक नवरीला मेकअपआधी विचारते की पाठवणीला रडणार आहेस का. त्यात लाजायचं काही नाही, त्यावर मस्कारा ठरतो. महेशला विचारलं, घाम किती येतो. म्हणाला, नळासारखा. मग मी नवरीचा रडूबेस काढला. हे नाव सुनंदाने ठेवलंय. कितीही रडा, हलत नाही.

काम झालं आणि त्याने आरशात बघितलं. मग म्हणाला, "काकू, मी ओळखू येतो का?" मी म्हटलं, तुझ्या आईलाही येणार नाहीस. "मग झालं," तो म्हणाला, आणि त्याने खरं काय ते सांगितलं. त्यांच्या नव्या गाण्यात महेशच्याच कंपनीची गोष्ट होती. कंपनीचं घाण पाणी मागच्या बाजूने वालधुनी नदीत सोडतात, आणि मग अख्ख्या पूर्वेला डोळे चुरचुरायला लागतात. गाण्यात कंपनीचं नाव नव्हतं, पण ज्याला कळायचं त्याला कळलंच असतं. गाणारा आपल्याच पॅकिंगमधला मुलगा आहे हे साहेबांना समजलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतील. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटीचं शिक्षण चालू. म्हणजे हा मेकअप शोभेसाठी नव्हता, ती नोकरी त्या मेकअपखाली लपणार होती.

मला एकदम भीती वाटली. नवरीचा मेकअप बिघडला तर नवरीची आई भांडते. इथे हात चुकला तर एक घर उपाशी राहणार होतं. मी पुन्हा ब्रश घेतला, त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रेषा ओढून नाकाचा आकार बदलला, भुवया उंच केल्या, गालाची हाडं वर काढली. मीच केलेला चेहरा मला ओळखू येईना. मग समाधानाने हात पुसले, आणि बोट काजळाकडे गेलं. तिघांनाही तीट लागली. मला आठवतही नाही.

त्याच संध्याकाळी माघी गणपतीत आमच्या इथल्या मंडळाने 'काजळी'ला कार्यक्रम दिला होता. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ऐनवेळी पाठ फिरवली, म्हणून दिला. पुढच्या रांगेत मंडपाचा खर्च देणारे प्रमुख पाहुणे. कोण, तर महेशचेच मॅनेजर साहेब, आणि शेजारी त्यांच्या पत्नी. नावं लिहीत नाही. त्यांना मी वहिनी म्हणेन. वर्षभरापूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नात मुलगी मीच सजवली होती. वहिनींना बघून मी सुनंदाचा हात घट्ट धरला.

पहिलं गाणं कोसळलेल्या स्लॅबवर होतं. आवाज इतका की मंडपाचे बांबू थरथरत होते. आज्यांनी कानावर पदर घेतले, पण उठलं कोणी नाही. दुसरं सिद्धार्थने लिहिलेलं, संथ. कात्रपला भाड्याने घर बघायला गेलेल्या एका मुलाचं. घर आवडतं, भाडं परवडतं, किल्ली हातात येते, आणि मग मालक सहज विचारतो, आडनाव काय. आडनाव सांगितल्यावर मालकाला अचानक आठवतं की घर भावाच्या मुलासाठी ठेवलंय. ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. सिद्धार्थच्या घरच्यांबरोबर तसंच झालं होतं, आणि एकदा नाही. लोकांनी मोबाईलचे दिवे लावून हात हलवले. गाणं संपल्यावर एक काका मंचापाशी आले, सिद्धार्थची पाठ थोपटली, म्हणाले, फार सुंदर, डोळ्यांत पाणी आणलंस, आडनाव काय तुझं?

सिद्धार्थ म्हणाला, "ड्रमर."

मग आलं कंपनीचं गाणं. अमावास्येच्या काळोखात नदी काळी करतात, असं काहीसं त्यात होतं. मी गाण्यापेक्षा साहेबांकडे जास्त बघत होते. ते मोबाईल बघत होते. वहिनी मात्र ऐकत होत्या, मान जराशी कलती करून. बायका भाजीवाल्याचा भाव नीट ऐकतात तेव्हा करतात तशी.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, महेश घामाने निथळत खाली उतरला. रडूबेस जागचा हलला नव्हता, मला अभिमान वाटला. आणि तेवढ्यात त्या मुलाने घात केला. अशा गाणाऱ्यांनी म्हणे अशा वेळी माईक फेकायचा, जीभ दाखवायची, काहीतरी आचरटपणा करायचा. पण आमचा महेश पडला अंबरनाथचा. समोर वयाने मोठी माणसं दिसल्याबरोबर त्या घट्ट विजारीत कसाबसा वाकला आणि आधी साहेबांच्या, मग वहिनींच्या पाया पडला. उभे केलेले सगळे केस पुढे आले, मान उघडी पडली, आणि डाव्या कानाखाली तीन ठिपके. वहिनींनी आशीर्वादाला हात उचलला होता. तो तसाच राहिला. त्यांनी ठिपके बघितले, मग मान वर करून मंडपभर नजर फिरवली, आणि मी जिथे उभी होते तिथे ती थांबली.

घरी येईपर्यंत मी स्वतःला आणि अदींना, दोघींनाही मनात बोल लावत होते. सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्ही सगळं नाक बदललंत आणि खाली सही करून ठेवलीत." मला रडूच आलं. मी रडूबेस लावलेला नव्हता.

वहिनी आल्या त्या पुढच्याच आठवड्यात. अपॉइंटमेंट हेअरडायची होती, म्हणजे निदान तासभर त्या उठणार नव्हत्या. मी डाय कालवत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"ताई, तो गाणारा मुलगा. तीट तुमची होती."

मी म्हटलं, काजळाचे ठिपके काय, कोणीही लावतं. त्या म्हणाल्या, माझ्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत तिने कानातलं काढलेला एक फोटो आहे, तो मी रोज बघते. मग मी खरंच सांगितलं, की माझ्याकडे कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही. तुमच्या मुलीने लग्नाआधी खुर्चीत बसून काय काय सांगितलं तेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि याचंही सांगणार नाही. राग आला तर दुसरं पार्लर बघा.

डाय भुवईवर ओघळला, तो मी पुसला. मग त्यांनी विचारलं, माझ्या मुलीने काय सांगितलं होतं. मी म्हटलं, नाही सांगणार. त्या हसल्या.

"नाव नकोच मला. त्याला फक्त निरोप द्या. गाणं चुकलंय त्याचं."

माझा ब्रश थांबला.

"अमावास्या वगैरे काही नसतं," त्या म्हणाल्या. "पाऊस जोरात लागला की सोडतात. नदी भरलेली असते, रंग कळत नाही. पाऊस सुरू झाला की आमच्या ह्यांना फोन येतो. हे पलीकडचं ऐकून घेतात आणि एवढंच म्हणतात, 'करा.' मग ठेवतात. लग्न झाल्यापासून बघतेय, पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द तोच आहे. करा."

मग त्यांनी त्यांच्या सासूबाईंचं सांगितलं. नदीच्या बाजूचं घर, सासूबाईंना दमा. आभाळ भरून आलं की म्हातारी स्वतः उठून एकेक खिडकी लावत फिरते आणि उशी पाठीशी घेऊन बसते. मुलाला वाटतं पावसाळी हवेने छाती भरते. "आईंना सांगायची माझी हिंमत नाही, की तुमचा मुलगाच फोनवर 'करा' म्हणतो," वहिनी म्हणाल्या. डाय धुताना त्यांनी डोळे मिटले होते. ते पाणी डायचं होतं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही.

मंगळवारी मी निरोप दिला. महेश पॅकिंगमध्ये असल्याने त्याला मागच्या बाजूला जायची परवानगीच नव्हती. अमावास्या त्याने गाण्यात चांगली दिसते म्हणून घातली होती. ऐकल्यावर तो उठून उभाच राहिला. जीतू म्हणाला, "आंटी, ये तो हुक लाइन है, पब्लिक साथ में गाएगी. अपने को बनाने की जरूरतच नाही, साहेबांनी बनवून ठेवली." सिद्धार्थ मात्र नको म्हणाला. शब्द घरातला आहे, साहेब लगेच ओळखतील, आणि मग त्या बाईंचं काय? त्यावर तिघांचं माझ्या पार्लरमध्ये जोरदार भांडण झालं, केसांना चिमटे लावलेल्या अवस्थेत. शेवटी मी वहिनींना फोन केला आणि विचारलं, तो शब्द वापरू का. पलीकडून उत्तर आलं, "वापरा. आणि आमच्या सोसायटीच्या गणपतीला तुमच्या मुलांना बोलावणार आहे. महिला मंडळाची अध्यक्ष मीच आहे."

भाद्रपदात त्या सोसायटीत मी गेले तेव्हा आभाळ फुटल्यासारखा पाऊस होता. पार्किंगमध्ये गणपती, ताडपत्रीवर पाणी तडातडा वाजतंय. दुपारी वहिनी पार्लरमध्ये तयार व्हायला आल्या होत्या. पैठणी, खोपा, हलका मेकअप. सगळं झाल्यावर त्यांनी स्वतःच मान कलती केली आणि डावा कान पुढे केला. मी तीन ठिपके लावले. त्यानंतर तिघा मुलांना सजवलं. या वेळी काजळाची डबी सुनंदाने आपल्या ब्लाउजमध्ये लपवून ठेवली होती. मी दोनदा शोधली.

पुढच्या रांगेत साहेब, वहिनी आणि चालताना दम लागतो म्हणून व्हीलचेअरवर बसवलेल्या सासूबाई, नाकाला रुमाल आधीच लावून. महेशने नवं गाणं सुरू केलं. आधी तो एकटा, मग त्याने लोकांकडे माईक केला. आभाळ भरलं? करा! नदी भरली? करा! कुणी बघतंय का? नाही? मग करा! दुसऱ्या फेरीपासून सोसायटीतली सगळी पोरं ओरडायला लागली, मग आया, मग आज्या. शे-दीडशे माणसं पावसाच्या वर आवाज काढून 'करा, करा' म्हणत होती, आणि आपण काय म्हणतोय हे आम्ही सोडून तिथल्या दोनच माणसांना पक्कं माहीत होतं. साहेबांनी महेशकडे बघितलं नाही. ते हळूच वळले आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. वहिनी टाळ्या वाजवत होत्या, नजर समोर. खोप्याखाली कान उघडा होता, तीन ठिपके दिसत होते.

तेवढ्यात साहेबांच्या खिशात उजेड पडला. फोन आला होता. त्यांनी काढून बघितला. बाजूला सासूबाई, त्यांना शब्दाचा काही पत्ता नव्हता, त्या रुमाल बाजूला करून पोरांच्या नादाने बारीक आवाजात 'करा, करा' म्हणत मांडीवर ठेका धरत होत्या. साहेब आईकडे बघत राहिले. फोन वाजायचा थांबला. पुन्हा वाजला. त्यांनी तो बंद करून खिशात ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर शाल आणि नारळ द्यायचा होता, आणि तो साहेबांच्याच हस्ते. हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. महेश समोर उभा राहिला, हातभर अंतरावर. माझा मेकअप मंचावरून बघण्यासाठी असतो, हातभर अंतरासाठी नाही. तरी चेहरा टिकला, मी बघत होते. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, छान. त्यावर आमच्या महेशने, नखशिखांत रंगवलेल्या महेशने, दोन्ही हात जोडून रोजच्या सवयीने उत्तर दिलं, "बरं साहेब."

ते 'बरं साहेब' पॅकिंग खात्यातलं होतं. त्याला कुठलाही बेस लागत नाही. सुनंदाने डोळे मिटून घेतले. साहेब त्याच्याकडे बघत उभे होते. फोटो काढणारा म्हणाला, साहेब इकडे बघा. त्यांनी बघितलंच नाही.

"सकाळच्या पाळीला आहेस ना उद्या?" त्यांनी विचारलं.

महेशने मान हलवली.

"मग तोंड नीट धुऊन ये," साहेब म्हणाले, आणि आईची खुर्ची ढकलत लिफ्टकडे गेले.

महेश आजही त्या कंपनीत आहे. साहेबांनी पुढे त्याला काहीच विचारलं नाही. विचारायला बसले असते तर सुरुवात घरापासून करावी लागली असती. नदी सुधारली असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात अजूनही एखाद्या दिवशी डोळे चुरचुरतात, आणि मग पार्लरमधल्या बायका खिडकी लावता लावता हसून म्हणतात, 'करा.' आमच्या पूर्वेला तो आता सगळ्यांचाच शब्द झालाय.

पण त्या संध्याकाळचं सांगते. मी आणि सुनंदा एका छत्रीतून घरी निघालो. पाऊस तसाच कोसळत होता, पुलाखाली नदी दुथडी भरून चालली होती. वर बघितलं तर वहिनींच्या घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि एका खिडकीत म्हातारी हात बाहेर काढून पाऊस झेलत होती. सुनंदा पुलावर थांबली. तिने छत्री माझ्या हातात दिली, कठड्याशी गेली आणि छाती भरून श्वास घेतला.

"अहो, घेऊन बघा," ती म्हणाली. "नुसता पावसाचा वास येतोय."